सगळ्यांच्या मागं

लाईट काय लवकर यायची नाही. डीपीच जळालाय म्हणे. बसा मग निवांत. शंभूराज, तू माणसं घेऊन जपानला जाणाऱ्या त्या टूरच्या कामावर लागणार ना? मग जरा जवळ सरक. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा, साताऱ्याचा वीरधवल, त्याच्या अंगावरून गेलेली आहे. ह्याच आपल्या कुंडल गावात, आमच्या माडीवर, भरदुपारी दाराला कडी घालून त्यानं मला ती सांगितली. सांगताना दर दोन वाक्यांना तो मागं बघत होता.

तारीख पक्की आहे. तीस डिसेंबर दोन हजार चोवीस, सोमवार. मार्गशीर्षातली अवस. दुपारी साडेतीनला वीरधवल गाडी घेऊन साताऱ्यातून निघाला. काम साधं होतं. म्हसवडच्या अलीकडं एका वस्तीवर मनुबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई राहतात, त्यांच्या घरी एक सॅक पोचवायची आणि परत यायचं. सॅक त्यांच्या मालकांची, नाथाजींची. मालक नोव्हेंबरात जपानला गेले आणि तिथंच वारले. सॅक तिथल्या पोलिसांकडं राहिली होती, ती दीड महिन्यानं आली. कंपनीनं वीरधवलला सांगितलं, तूच त्यांना नेलं होतंस, तूच देऊन ये.

वीरधवल पुण्यात जपानी शिकला. काही वर्षं कारखान्यात दुभाष्याचं काम केलं, मग सांगलीच्या एका टूर कंपनीत लागला. पोरगा वाईट नव्हता, हे मामा म्हणून नाही सांगत. हुशार, बोलका, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देणारा. आपल्या भागातली वीस-बावीस माणसं घेऊन तो जपानला जायचा. नुसत्या इमारती दाखवून आणायचा नाही. गरम झऱ्यात अंघोळ, त्यांच्या पद्धतीचा चहा, लाकडी घरात चटईवर मुक्काम, आणि डोंगरातल्या जुन्या दगडी वाटेनं एक दिवस पायी प्रवास. माणसं खूश असायची.

त्या नोव्हेंबरच्या टूरमध्ये बावीस जण होते. त्यात नाथाजी सगळ्यांत मोठे, बहात्तर वर्षांचे. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मुलगा जोतिबा, तोही फौजेत, त्यानं हट्टानं पाठवलेलं. मनुबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून एकटेच आले. पहिल्या दिवशी गरम झऱ्यावर सगळ्या पुरुषांनी उघडं होऊन उतरायचं म्हटल्यावर सांगलीचे दोन व्यापारी टॉवेल घट्ट धरून दारातच उभे राहिले. नाथाजी सरळ कपडे काढून पाण्यात. म्हणाले, "पलटणीत नदीवर समदी अशीच. लाजायचं काय त्यात?" चहाच्या वेळी त्या बाईनं वाटी दोनदा फिरवून, वाकून हातात दिली. तेव्हा नाथाजी वीरधवलच्या कानात म्हणाले, "चुळकाभर च्यासाठी एवढी कवायत? पर ब्येस हाय. शिस्त हाय ह्यास्नी." वीरधवलला म्हातारा आवडला होता. हे त्यानंच मला सांगितलं.

पायी वाट होती चौथ्या दिवशी. आठ किलोमीटर, उंच सरळसोट झाडांच्या जंगलातून. त्या जंगलात अस्वलं आहेत. म्हणून चालणाऱ्यानं सॅकला पितळी घंटी बांधायची, आवाज ऐकून अस्वल लांब जातं. बावीस सॅका, बावीस घंट्या. कंपनीचा नियम असा, की टूर नेणारा सगळ्यांच्या मागं चालणार. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही.

आता त्या बावीसांत सहा जण सांगलीकडचे जैन होते. सूर्य मावळल्यावर ते जेवत नाहीत, तुम्हांला माहीत आहे. तिकडं नोव्हेंबरात साडेचारालाच सूर्य डोंगराआड जातो. मुक्कामाच्या घरी त्यांचं कांदा-लसूण नसलेलं जेवण चारला तयार पाहिजे, आणि वाटेत तर पावणेतीन झाले तरी निम्मंच अंतर संपलेलं. मधे एक चहाची झोपडी आहे, तिथून मोटरचा रस्ता फुटतो. झोपडीवाली बाई गाडी घेऊन खाली निघाली होती. वीरधवलनं विचार केला, हिच्याबरोबर पुढं जावं, जेवण मांडून घ्यावं, तोवर माणसं येतीलच. वाट एकच आहे, पाट्या आहेत, चुकतंय कोण?

सगळे झोपडीतून निघाले. नाथाजी शेवटी. गुडघा चोळत उठले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी येताय न्हवं?" त्याला ते मास्तरच म्हणायचे.

वीरधवल म्हणाला, "बाबा, तुम्ही सावकाश चला. मी मागंच आहे."

आणि म्हातारा वळणाआड गेल्यावर तो गाडीत बसला.

चार वाजून वीस मिनिटांनी सगळे मुक्कामी पोचले. सगळे म्हणजे एकवीस. जैनांपैकी राजमतीबाई म्हणून होत्या, सांगलीच्या नेमिनाथ अण्णांच्या मंडळी. त्या जेवायला बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "वीरधवल, एक घंटी कमी वाजायलीय रं. म्हातारबाबा कुठं हायत?"

"येतील मावशी, मागं आहेत. तुम्ही आधी जेवून घ्या, सूर्य चाललाय."

"माझं जेवण राहू दे. पाणी पिऊन झोपीन. तू आधी त्यांना बघून ये जा."

"पाच मिनिटांत जातो," वीरधवल म्हणाला. मग खोल्यांच्या चाव्या वाटायच्या होत्या. कुणाला अंघोळीची वेळ हवी होती, कुणाची बॅग चुकली होती. पाच मिनिटांचा दीड तास झाला. सहाला बाहेर पाहिलं तर काळाकुट्ट अंधार. सातला पोलिसांना कळवलं. त्यांनी रात्रभर मुक्कामाकडचं जंगल शोधलं.

नाथाजी सापडले दुसऱ्या दिवशी सकाळी. एका झाडाला पाठ टेकून बसलेले, सॅक छातीशी धरलेली. थंडीनं गेले. घंटीची दोरी बोटाला गुंडाळलेली होती. खालच्या घरातली एक म्हातारी पोलिसांना म्हणाली, रात्री तीनपर्यंत घंटी ऐकू येत होती, मला वाटलं, माणसं चाललीत.

पण पोरांनो, वीरधवलला जे खात होतं, ते ह्याहून वेगळं. म्हातारा जिथं सापडला, ती जागा मुक्कामाच्या बाजूला नव्हती. झोपडीच्या बाजूला होती, वाटेच्या खाली, आणि ओल्या मातीत त्यांच्या बुटांचे ठसे झोपडीकडं वळलेले होते. म्हणजे बरंच पुढं गेल्यावर ते माघारी फिरले होते. का फिरले? मास्तर मागं आहे म्हणाला होता. मास्तर दिसेना. मागच्या माणसाला काय झालं, पडला का बिडला, ते बघायला फिरले. हे वीरधवलला तिथंच, त्या झाडाखाली उभं राहिल्यावर कळलं. त्याच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

कंपनीनं कागद मागितला. त्यानं लिहून दिला, 'सदर प्रवासी सूचना न पाळता, रांग सोडून स्वतःच्या मर्जीने गेले.' बाकीच्यांनी खाली सह्या केल्या. राजमतीबाईंनी केली नाही. म्हणाल्या, "माझ्या जेवणाचं नाव सुदीक त्यात घालू नकोस. त्या रात्री मी उपाशी हुते." आणि तिथून विमानात बसेपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

हे सगळं डोक्यात घेऊन तो सोमवारी निघाला. सॅक मागच्या सीटवर.

पुसेगावला सेवागिरीच्या यात्रेहून बैलांचे ट्रक परतत होते, तिथं दोन-अडीच तास अडकला. दहिवडीत चहा घेतला. गोंदवलं मागं पडलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पुढं माणदेशाचा तो उघडा माळ. अवसेची रात्र. गाडीच्या उजेडापलीकडं काही नाही.

गोंदवल्यापासून पाचसहा किलोमीटरवर मागून घंटी वाजली.

एकदाच. किण्ण.

सॅकची घंटी असणार. खड्ड्यातून हलली असंल. त्यानं गाडी चालवत ठेवली. रस्ता नवा, गुळगुळीत. खड्डा नव्हता.

परत वाजली. मग थांबून थांबून. माणूस चालताना वाजते तशी. एक पाय दुखत असलेल्या माणसाच्या चालीनं. एक लांब... एक जवळ. एक लांब... एक जवळ.

त्यानं गाडी बाजूला घेतली. आतला दिवा लावला. मागं वळून सॅक उघडली. कपडे होते, मफलर होता, एक छोटा टॉर्च. घंटी वेगळ्या लिफाफ्यात होती. जपानी पोलिसांनी तिला कागदाच्या तीन घड्या घालून, चिकटपट्टी लावून बंद केलेली. वर त्यांच्या अक्षरांत लिहिलेलं, 'घंटी, एक.' त्यानं लिफाफा हलवून पाहिला. आवाज नाही. आतला लोलक कागदात दाबलेला. वाजणं शक्यच नव्हतं.

लिफाफा त्यानं पुढं आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला. निघाला.

किण्ण.

मागूनच.

पुढं रस्त्याच्या कडेला मेंढरं बसलेली दिसली. जाळी लावलेली, आगटी पेटलेली. वीरधवलला जीव आल्यासारखं झालं. गाडी थांबवली, काच खाली केली. एक धनगर काठी घेऊन पुढं आला. धुळा त्याचं नाव.

"दादा," वीरधवल म्हणाला, "ही घंटी तुमच्या मेंढरांची वाजतीय का?"

धुळानं कान दिला. "न्हाई. आमच्या घाट्या जड वाजत्यात. ही बारीक हाय. ही तुमच्याच गाडीतनं येतीया की."

धुळानं बॅटरी मारली. उजेड काचेवरून मागं गेला. तिथंच थांबला.

"आवं, तुमी म्होरं हिटर लावून बसलायसा," धुळा म्हणाला, "आन् म्हातारबाबाला मागं आसंच बशिवलंय व्हय? पांघराय द्या की कायतरी. लय कुडकुडत्यात."

वीरधवलनं मागं बघितलं नाही.

"कोण... म्हातारबाबा?"

धुळानं एकदा त्याच्याकडं बघितलं. एकदा मागं. बॅटरी बंद केली. तो आगटीकडं गेला आणि कुत्र्याला जवळ ओढून बसला.

गाडी निघाली.

आरसा होता. बघायचं नाही, असं त्यानं ठरवलं. हीटर पुरता चालू. तरी मागून गार हवा येत होती. ओल्या पाल्याचा वास. माणदेशात डिसेंबरात ओला पाला कुठला?

किण्ण... किण्ण...

आता ती चालत नव्हती. एकाच जागी वाजत होती. बसल्या बसल्या कुणी दोरी ओढावी तशी. थांबायची. वाट बघायची. परत.

वीरधवलनं गाडीचा वेग वाढवला. ऐंशी. नव्वद.

आणि मागून, अगदी कानाच्या मागून, हळू आवाजात...

"सावकाश चला, मास्तर. मी मागंच हाय."

आवाजात राग नव्हता. तेच त्याला सोसलं नाही. कुणी धीर द्यावा तसा आवाज होता.

वस्ती कधी आली त्याला कळलं नाही. घरासमोर बल्ब होता. गाडी थांबली तेव्हा घंटी बंद झाली. त्यानं डोळे मिटून मागचं दार उघडलं, हात घालून सॅक ओढली. सॅक गार. हाताला ओली लागली. अंगणात गेला.

मनुबाई दारातच बसल्या होत्या. बारीक, वाळलेल्या, डोळे मात्र टक्क. त्यांनी त्याला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. आणि त्याच्या खांद्यावरून गाडीकडं बघत राहिल्या.

"आणखी कोन हाय संगं?"

"कोणी नाही, काकी. एकटाच आहे."

"आसं." त्यांनी सॅक पुढ्यात घेतली, पण उघडली नाही. नुसता हात ठेवला. "जोतिबाला कंपनीचा कागद आला. त्यानं फोनवर वाचून दावला. मी अडाणी बाई. मला एवडंच सांगा. तुमी तितं हुता. ते रांग सोडून गेलं?"

वीरधवलनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"कारन काय," मनुबाई म्हणाल्या, "अठ्ठावीस वरसं पलटणीत हुते. घरी आल्यावर सुदीक, बाजाराला निघालो तर मला म्होरं घालायचं आन् आपुन मागं. म्हनायचं, मागल्या मान्साला टाकून याचं न्हाई. आन् ते रांग सोडत्याल? कुनी हाक मारली का त्यास्नी? कुनी मागं ऱ्हायलं हुतं का? सांगा. रागवत न्हाई मी."

पोरांनो, इथं एक वाक्य पुरलं असतं. मी नव्हतो बाबांच्या मागं, मी खोटं बोललो होतो, ते मला शोधायला फिरले. एवढंच. बाई रागावणार नव्हती. ती तर ते ऐकायलाच बसली होती. नवऱ्याचं मरण तिनं सोसलं होतं, तिला फक्त त्याचा डाग धुऊन हवा होता. वीरधवल मला म्हणाला, "मामा, शब्द तोंडात आले होते." पण मग त्याला कागद आठवला. त्यावरची स्वतःची सही आठवली. जोतिबा आठवला, पोलीस, कोर्ट, बायको, नोकरी.

तो म्हणाला, "हो, काकी. ते आपले आपणच गेले. आम्ही लय हाका मारल्या."

मनुबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मग त्यांनी सॅक दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"न्या परत."

"काकी, ही बाबांची..."

"न्हाई. रांग सोडून गेला तो मानूस माजा न्हवं. दुसऱ्या कुनाचं सामान आसंल हे. चुकून हितं आनलंय तुमी. न्या." उठता उठता म्हणाल्या, "माजा मानूस आजून यायचाय."

आणि आत गेल्या. बल्ब बंद झाला.

तो अंधारात तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग सॅक घेतली. मागच्या सीटवर ठेवायचं धाडस झालं नाही. डिकी उघडून आत टाकली, घंटीचा लिफाफाही आत टाकला, डिकी लावली.

परतीच्या वाटेवर काही वाजलं नाही. दहिवडी गेली, पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं. घंटी नाही, आवाज नाही, वास नाही. धुळाची आगटीही विझलेली. वीरधवलला वाटलं, म्हातारा आपल्या घरी उतरला. सुटलो. रात्री साडेबाराला साताऱ्यात पोचला, गाडी दारात लावली, हात-पायसुद्धा न धुता झोपला.

सकाळी आठला त्याची बायको दीपमाला मुलीला शाळेत सोडायला खाली गेली. थोड्या वेळानं तिची हाक आली.

"अहो... काल गाडीत मागं कुणाला बसवलं होतं?"

"कुणाला नाही," तो वरूनच म्हणाला. "का?"

तो खाली गेला. मुलगी आईच्या पदराला धरून गाडीपासून लांब उभी होती. मागचं दार उघडं होतं. सीटवर कुणी नव्हतं. पण सीटचा पट्टा लावलेला होता. खटक्यात नीट अडकवलेला. आणि रिकामा पट्टा जसा सीटला चिकटून पडतो तसा तो पडलेला नव्हता. एका माणसाच्या छातीएवढा पुढं आलेला, ताणून, तसाच अधांतरी थांबला होता.